अजून कुणी सांगायला आलं नाही

आमची ही डॉक्टरीच्या कॉलेजात मुलांना बोलायला शिकवायची. हे ऐकलं की लोक हसायचे. डॉक्टर व्हायला आलेली पोरं काय मुकी असतात का, असं विचारायचे. लग्नानंतर बरीच वर्षं मीही हाच विनोद करत होतो. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्ट वर गेली, खाली आली, दार नीट लागलं, की माझं काम झालं. त्यात बोलायचं काय असतं?

ती म्हणायची, "अहो, सुई कुठे टोचायची ते पुस्तकात असतं. बाहेर बसलेल्या बाईला तिचा नवरा वाचला नाही हे कसं सांगायचं, ते कुठल्या पुस्तकात असतं?"

शिकवून झालं की ते मुलांना खरंच आलं का, हे मोजायचं कसं, याचा तिला ध्यास होता. मीटिंगमध्ये ती म्हणायची, "मी काय शिकवलं ते विचारू नका. त्यांना काय आलं ते विचारा." आणि घरी येऊन मीटिंगमधल्या लोकांच्या नकला करायची. लेखी पेपरात सगळी मुलं छान लिहायची, वाईट बातमी देताना सहानुभूती बाळगावी वगैरे. पैकीच्या पैकी मार्क. आणि वॉर्डात गेली की नातेवाईकाकडे न बघता भिंतीशी बोलायची.

म्हणून तिने खोल्यांची परीक्षा सुरू केली. एका बोळात ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीत एक खोटा रोगी नाहीतर खोटा नातेवाईक. घंटा वाजली की मुलगा आत, पुन्हा वाजली की बाहेर आणि पुढच्या खोलीत. खोलीत एक काच, जी आतून आरशासारखी दिसते. तिच्या मागे परीक्षक बसून खुणा करतो. खुर्चीवर बसला का? आधी काय माहीत आहे ते विचारलं का? सरळ शब्दांत सांगितलं का? सांगितल्यावर गप्प राहिला का? पाणी हवं का विचारलं का? घंटा ही स्वतः वाजवायची, म्हणून मुलांनी तिचं नाव घंटाबाई ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंही.

नातेवाईक व्हायला आधी तिने नाटकातली माणसं आणली होती. ती इतकी रडायची की मुलांना बोलायला सापडायचं नाही. एकजण तर खुर्चीवरून खाली पडला. "परीक्षा पोरांची आहे, ह्यांची नाही," म्हणत ती घरी आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मला काही अभिनय येत नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"म्हणून तर," ती म्हणाली.

मग दर वर्षी मी बसायला लागलो. केस तिनेच लिहिली होती. बायकोला रस्त्यात गाडीने उडवलंय, पोटात रक्तस्राव होतोय, ऑपरेशन चालू आहे. नवरा बाहेर बसलाय. मुलाने आत येऊन त्याला सांगायचं की ती टेबलावरच गेली. दिवसभर एकेक मूल येऊन मला हे सांगायचं. संध्याकाळी ही म्हणायची, "सकाळपासून किती वेळा मारलंत मला. आता चहा तरी टाका."

नातेवाईकाला एकच नियम होता. घंटा वाजली की आधीचं सगळं विसरायचं. पुढच्या मुलाला पहिल्या मुलासारखाच कोरा माणूस मिळायला हवा, नाहीतर मोजमाप खोटं. मला ते चांगलं जमायचं. ही लोकांना कौतुकाने सांगायची की आमचे हे विसरण्यात पटाईत आहेत, दूध आणायला पाठवून बघा.

मग ती खरंच गेली. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन होतं, दुसऱ्या एका दवाखान्यात. साधं आहे असं सगळेच म्हणत होते. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दुपार कलली तेव्हा खिडकीतल्या बाईने मला हाक मारली आणि एक पिशवी दिली. पिशवीत हिचा चष्मा, घड्याळ आणि चपला होत्या. "इथे सही करा," ती म्हणाली. मी सही केली. तिला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल. डॉक्टरांना वाटलं तिने सांगितलं असेल. तोपर्यंत हिचा भाऊ आला, त्याला कुणीतरी सांगितलं होतं, त्याने माझ्या लेकीला फोन केला. घरी माणसं आली, ती सगळी मला आधीपासून माहीत आहे असंच धरून बोलत होती. माहीत होतंच की. मी काही खुळा नाही. पण तोंडावर येऊन कुणी सांगितलं नाही, ते नाहीच.

परीक्षेचे दिवस आले तसा नव्या मॅडमचा फोन आला. ही हिचीच विद्यार्थिनी, नंतर मदतनीस, आता हिच्या जागेवर. मला काका म्हणते.

"काका, विचारायला जीभ रेटत नाही. पण दुसरं कुणी तयार होत नाहीये. आणि यंदा बाहेरून समिती येणार आहे, आम्ही मुलांचं शिकणं कसं मोजतो ते बघायला. सगळ्यांची नजर मॅडमच्या ह्या परीक्षेवर आहे."

"येतो की."

"केस बदलते मी. बायको नको. भावाचा अपघात करू."

"राहू दे आहे ती."

"काका..."

"मला भाऊ नाही. जमायचं नाही मला."

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. मला ते कुणाकडून तरी एकदा ऐकायचं होतं.

पहिला मुलगा आला, दाढी नीट केलेला, शर्टाला इस्त्री. समोर बसला. "काका, आतापर्यंत तुम्हाला काय सांगितलंय?"

"ऑपरेशन चालू आहे, एवढंच."

"मला वाईट बातमी द्यायची आहे. आम्ही खूप प्रयत्न केले, पण ऑपरेशन चालू असतानाच तुमच्या पत्नींचा मृत्यू झाला."

आणि तो गप्प बसला. त्याचे ओठ हलत होते. गप्प राहण्याचेही गुण असतात, म्हणून मुलं मनातल्या मनात आकडे मोजतात. मोजून झाल्यावर त्याने विचारलं, "पाणी देऊ?"

मी पाणी प्यायलो. वाटलं होतं कोसळेन. तसं काही झालं नाही, उलट छातीवर कुणीतरी बसलं होतं ते उठून गेल्यासारखं झालं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं.

घंटा वाजली. मुलगा गेला. शिपायाने येऊन ग्लास भरून ठेवला आणि दार ओढून घेतलं. आणि मग, मी काही ठरवलं नव्हतं, पण सवयीने विसरलो. दर वर्षी जसा विसरायचो तसाच. मी नवरा होतो, बायको आत होती, ऑपरेशन चालू होतं. मला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

भिंतीच्या पलीकडे ट्रॉलीचं चाक कुरकुरलं. पलीकडे जुन्या खुर्च्या ठेवायची खोली आहे, हे मला माहीत आहे. तरी चाक कुरकुरलं, आणि कुणीतरी हळू आवाजात "कापूस" म्हणालं.

दुसरी एक मुलगी आली, तिने सांगितलं, आमची ही गेली. घंटा झाली, ही परत टेबलावर आली. तिसऱ्याने सांगितलं, "त्या आता आपल्यात नाहीत." असं गोलमोल बोलल्यावर नातेवाईकाने काय म्हणायचं ते हिने शिकवून ठेवलं होतं. मी म्हणालो, "मग कुठे आहेत?" पोराचा चेहरा पांढरा पडला. घंटा वाजली आणि ही परत आली.

मधल्या त्या थोड्या वेळाची मी वाट बघायला लागलो. मूल बोलत असताना माझं लक्ष नसायचं, घंटेकडे कान असायचा. घंटा झाली की पलीकडे हालचाल सुरू व्हायची. तिथे ही होती. मला दिसत नव्हती, पण दाराआड आपलं माणूस असलं की कळतं ना, तसं कळत होतं.

जेवणाच्या सुट्टीत शिपाई डबा घेऊन आला. "काका, चला. सकाळपासून नुसतं पाणी पिताय. ही पोरं तुम्हाला पाण्यानेच मारणार एक दिवस."

"नको मला."

"का हो?"

"आत ऑपरेशन चालू असताना घास उतरतो का?"

तो हसला. त्याला वाटलं मी अजून भूमिकेत आहे.

दुपारी उन्हं उतरली तेव्हा शेवटची एक मुलगी उरली होती. तिला वर्गात गोगलगाय म्हणतात, हे मला काचेमागच्या बोलण्यावरून कळलं. काचेमागे चष्मेवाले सर परीक्षक होते. तिथलं दार उघडलं आणि नव्या मॅडमचा आवाज आला. "सर, समिती आली. पटकन चला, नुसतं तोंड दाखवायचंय."

"एकच उरलीये, गोगलगाय. हिला वेळ लागतो."

"काका आहेत ना. सांगितलं की नाही ते काका सांगतील."

सरांनी माझ्या दारातून डोकं घातलं. "काका, मी आलोच. तेवढं लक्ष ठेवा हं." आणि गेले. शिपायाने घंटा वाजवली.

मुलगी आत आली. उंच, थोडी वाकून चालणारी. समोरची खुर्ची तिने उचलली आणि माझ्या शेजारी आणून ठेवली, दवाखान्याच्या बाकावर लोक बसतात तशी.

"कधीपासून बसलाय काका?"

"सकाळपासून."

"आत कोण आहे तुमचं?"

"बायको."

"काय करतात त्या?"

केसमध्ये शिवणकाम लिहिलंय. मी म्हणालो, "शिकवते."

"कुठे?"

"इथेच."

तिने मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. पहिल्या वर्षाला आमची ही ह्या मुलांना शिकवत होती. मुलीच्या लक्षात आलं. "घंटा..." एवढंच बोलून तिने जीभ चावली.

मग तिने तीन-चार वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. पुढचं वाक्य तिच्या ओठावर आलेलं मला दिसत होतं. दिवसभर मी ते वाक्य ऐकत आलो होतो. पण हे शेवटचं होतं. ह्याच्यानंतर पुन्हा सुरुवात करणारी घंटा नव्हती. ही मुलगी बोलली की आमची ही गेली, आणि मग परत येणार नव्हती.

"ऑपरेशन चालू आहे ना अजून?" मी विचारलं. असं विचारायचं केसमध्ये कुठेही नाही.

ती खाली बघत राहिली. "हो," ती म्हणाली. "चालू आहे, काका."

घंटा वाजली.

नव्या मॅडम आणि सर धावत आले. मॅडमच्या गळ्यात समितीसाठी घातलेलं ओळखपत्र होतं. "झालं ना सगळं? तिने सांगितलं ना, काका?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"ऑपरेशन चालू आहे म्हणाली."

सरांनी कपाळाला हात लावला. मॅडम माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आठवून बघा हं काका. मुलं कधी कधी पुटपुटतात. ओघात म्हणाली असेल, तुम्हाला ऐकू आलं नसेल. हे नाही जमलं तर नापास आहे ती. बाकी सगळं कितीही चांगलं केलं तरी."

मॅडमनी मला वाट करून दिली होती, हे मला समजत होतं. मी नुसतं "हो, म्हणाली असेल" म्हटलं असतं तर पोरगी सुटली असती. पण ते म्हणजे ही गेली हे माझ्याच तोंडून कबूल करणं होतं. पलीकडे त्यांचं काम चालू होतं. मला ऐकू येत होतं.

"नाही," मी म्हणालो. "मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही."

त्या दिवसापासून आमचं घर, माणूस दवाखान्यात असलं की जसं असतं, तसं झालं. मेलेल्या माणसाचं घर वेगळं असतं, तिथे काही करावंसं वाटत नाही. इथे करण्यासारखं खूप होतं. मी चादरी धुतल्या. हिच्या कपाटाचं दार लोंबत होतं, त्याचं बिजागर बदललं. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, कारण पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला वाकता येत नाही. शेजारीण म्हणाली, "अरे वा, घराला रंग काढताय की काय?" मी म्हणालो, "बघू, आधी ही येऊ दे." ती हातातली झाडणी घेऊन तशीच उभी राहिली.

लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी नोकरीला असते. "बाबा, आज आवाजात जान आहे तुमच्या."

"हो."

"काय झालं?"

"काही नाही ग. अजून काही कळलं नाही."

"कशाचं?"

"आईचं."

मग ती म्हणाली, "जेवलात का तुम्ही?" तिचा सूर लहान मुलाशी बोलावं तसा झाला होता.

नव्या मॅडमचाही फोन आला. गोगलगायीला दुसरी संधी द्यायची होती. मी म्हणालो, मला बरं नाही, दुसरा माणूस बघा. ती म्हणाली, "नियम तुम्हाला ठाऊक आहे, काका. दुसरी संधी त्याच खोलीत, त्याच नातेवाईकासमोर. नाहीतर आधी येत नव्हतं आणि आता आलं, हे कशावरून म्हणायचं? नियम मॅडमचाच आहे. बाकी वर्ग वॉर्डात कामाला लागला, ही पोरगी वसतिगृहात एकटी बसून आहे. जेवायलाही खाली येत नाही म्हणतात."

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला. बघणार काहीच नव्हतो.

त्यानंतर दुपारी मागच्या खोलीत थंडी यायला लागली. ती हिची वाचायची खोली, पश्चिमेकडची. दुपारी तिथे अंग भाजतं, त्यावरून आमची दर उन्हाळ्यात भांडणं व्हायची. आता बाहेर रणरणतं ऊन आणि त्या खोलीच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. दाराच्या फटीतून उजेड यायचा, पांढरा, सावली न पडणारा. आणि एक आवाज. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं आणि वरून लिफ्ट आली की हवा दाबली जाते, मग सुटते. तसा. दाबली, सुटली. दाबली, सुटली. मशीन कुणाला तरी श्वास देत होतं.

मला भीती वाटली नाही. मी दाराशी खुर्ची टाकून बसायला लागलो. दुपारी जेवण झालं की जायचं, बसायचं. आपलं माणूस आत आहे, आपण बाहेर बसलोय. बरं वाटायचं.

मग एके दिवशी आतून ती म्हणाली, "अहो."

"ओ."

"कुणी आलं का सांगायला?"

"नाही. कुणी नाही आलं."

"मग हे मला उतरवत का नाहीयेत? पाठ दगडासारखी झालीये. केव्हापासून उघडं पोट घेऊन पडलेय मी."

मी तिला इथे, घराजवळ, ठेवलंय असं मी समजत होतो. ती कशी आहे हे मी विचारलंच नव्हतं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखत नाही. थंडी वाजते." थोडा वेळ मशीनचा आवाज. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, मीटिंगमधल्या लोकांच्या नकला करायची त्या आवाजात, "आणि ही डॉक्टर मंडळी बघा. हात वर धरून ताटकळत उभी आहेत बिचारी. एकाला लघवीला जायचंय, सांगायची सोय नाही. बाहेरचा माणूस उठत नाही तोवर ह्यांची सुटका नाही म्हणतात."

मला हसू आलं. हसता हसता हुंदका आला, तो मी दाबला.

"तू आत आहेस, एवढं पुरे आहे मला," मी म्हणालो.

"मला नाही पुरत," ती म्हणाली.

मी खुर्चीवरून उठलो, बाहेरच्या खोलीत गेलो आणि नव्या मॅडमला फोन लावला. "उद्याच घ्या," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बोळात कुणी नव्हतं. बाकीच्या खोल्यांना कुलपं होती. नव्या मॅडमने माझा हात धरला. "काका, नक्की ना? अजून वेळ गेली नाही. मी कॉलेजला काहीतरी सांगते."

"तिचा काय दोष? घ्या लवकर."

चष्मेवाले सर काचेमागे जाऊन बसले. मी माझ्या खुर्चीवर बसलो. पलीकडे श्वास चालू होता, दाबला, सुटला. घंटा वाजली.

मुलगी आत आली. अंगाने उतरली होती. ह्या वेळीही तिने खुर्ची शेजारी आणली. आधी काय माहीत आहे वगैरे तिने काही विचारलं नाही.

"काका, मागच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मी तिच्याकडे बघितलं.

"ऑपरेशन चालू नाहीये. ते संपलंय. केव्हाच संपलंय. तुमच्या पत्नी वारल्या, काका. टेबलावरच."

आणि ती गप्प राहिली. तिचे ओठ हलत नव्हते. ती माझ्याकडे बघत होती. तिने मान खाली घातली नाही.

नातेवाईकाने ह्यानंतर विचारायचं असतं, 'मला तिला बघता येईल का?' मी ते विचारलं नाही. मी विचारलं, "अजून टेबलावरच आहे का ती?"

"नाही. उतरवलंय."

"तुला काय माहीत?"

"सगळ्यांना उतरवतात, काका. आधी टाके घालून पोट नीट बंद करतात, माणूस जिवंत असल्यावर घालतात तसेच. मग कोमट पाण्याने पुसतात. मग ट्रॉलीवर घेऊन वर चादर घालतात. मी स्वतः हात लावलाय त्या कामाला. घाई करत नाही कुणी."

"थंडी वाजत होती तिला."

"आता नाही वाजत," ती म्हणाली.

भिंतीच्या पलीकडचा श्वास थांबलेला होता. नेमका केव्हा थांबला ते मला कळलं नाही. मी ऐकायचं विसरलो होतो.

मग मी रडलो. नाटकातल्या माणसांना हिने का हाकललं होतं ते मला त्या वेळी कळलं, कारण मीही खुर्चीवर धड बसू शकलो नाही. मुलीने मला दंडाला धरून सरळ केलं. घंटेची वेळ होऊन गेली असणार, पण ती वाजली नाही. चष्मेवाले सर काचेमागून बाहेर येऊन दारात उभे होते.

"तुम्हाला घरी न्यायला कुणाला बोलावू?" मुलीने विचारलं.

मी लेकीला फोन लावला. कामावर होती, मागे माणसांचे आवाज होते.

"आई वारली ग," मी म्हणालो.

मागचे आवाज कमी झाले. ती कुठेतरी बाजूला गेली असावी. "केव्हा कळलं बाबा तुम्हाला?"

"आत्ता."

"मी निघते," म्हणाली. "संध्याकाळपर्यंत पोचते. तुम्ही घरीच थांबा."

बोळातून बाहेर पडताना नव्या मॅडम म्हणाल्या, "आलं तिला, काका. पाण्याचं विचारायला विसरली, तेवढा गुण गेला." आणि पदराने डोळे पुसत दुसरीकडे वळल्या.

मी घरी आलो. कुलूप काढलं आणि सरळ मागच्या खोलीत गेलो. फरशी तापलेली होती. दुपारचं ऊन हिच्या टेबलावर, पुस्तकांवर, धुळीवर पडलं होतं. मी उभा राहून कान दिला. पंखा बंद होता. बाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं. खोलीत काही नव्हतं. घरातही नव्हतं. इतके महिने घर इतकं रिकामं कधीच नव्हतं, आणि आता मला त्यात बसवेना.

मी दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर येऊन बसलो. काही वेळाने शेजारीण भाजी घेऊन वर आली.

"किल्ली विसरलात का हो?"

"नाही. आहे खिशात."

"मग आत का नाही बसत?"

"आत कुणी नाही," मी म्हणालो.

पिशवी भिंतीला टेकवून ती दोन पायऱ्या खाली बसली आणि शेंगा निवडायला लागली. लेक येईपर्यंत आम्ही तिथेच होतो.